दुसरा प्रश्न कोण विचारणार?

मागच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये चार नवीन मेंबर घेतले. चौघं पुढे उभे, पास्टरांनी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली, मग पास्टर आमच्याकडे वळून म्हणाले की आता मंडळीने उभं राहून आपलं वचन म्हणायचंय, आणि नेमका त्याच वेळी माझा चष्मा सापडेना. पर्समध्ये बघ, बायबलमध्ये बघ, शेजारणीला खुणेने विचार, तोपर्यंत सगळ्यांचं म्हणून झालं होतं आणि मी फक्त शेवटच्या 'आमेन'मध्ये जोरात आवाज मिसळला. म्हणजे बघायला गेलं तर त्या चौघांना मी कुठलंच वचन दिलेलं नाही. घरी सांगितलं तर सगळे हसले, मीही हसले, पण रात्री ते डोक्यातून जाईना. कारण चष्मा असता तरी काय मोठा फरक पडला असता? इतकी वर्षं तेच वाक्य वाचतेय, तोंड वाचतं आणि डोकं उपासना संपल्यावरच्या कामांची यादी करत असतं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मेथडिस्ट म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांची एक शाखा, आम्ही त्यातले. मेथडिस्ट चर्चमध्ये मेंबर होणं म्हणजे रजिस्टरमध्ये सही केली आणि झालं असं नसतं. देशोदेशी शब्द थोडे वेगळे असतात पण साचा साधारण एकच. बाप्तिस्मा झालेला नसेल तर आधी बाप्तिस्मा, झालेला असेल, मग तो दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये असो नाहीतर तान्हेपणी असो, तर पुन्हा करत नाहीत. एकदा झाला तो झाला, देवाने दिलेलं वचन देवाच्या बाजूने कधी एक्सपायर होत नाही असं आमचे एक जुने पास्टर म्हणायचे. पाणी शिंपडून, ओतून, नाहीतर पूर्ण बुडवून, तिन्ही चालतं. मग वाईटाकडे पाठ फिरवतोस का, येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवतोस का, असे प्रश्न. कन्फर्मेशन, म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणं, ते व्हायचं असेल तर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना. दुसऱ्या चर्चमधून ट्रान्सफर लेटर घेऊन आलेल्यांचं आणखी सोपं. युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या विधीत नवा मेंबर पाच गोष्टींचं वचन देतो, प्रार्थना, हजेरी, दान, सेवा आणि साक्ष, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्यांसमोर बोलून-वागून दाखवणं. त्यातली साक्ष ही २००८ साली जोडली, आधी चारच होत्या.

या पाचांत माझी आवडती हजेरी. ऐकायला सगळ्यात फालतू वाटते ना? शाळेतल्यासारखी. पण हजेरी ही एकच गोष्ट अशी आहे जी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी लागते. तू आलास हे बघणारं कोणी नसेल तर तू आलास काय नि नाही आलास काय. आणि तिथेच आमचं घोडं पेंड खातं.

एक गोष्ट सांगते, ती माझ्याच चुकीची आहे त्यामुळे कुणाला राग यायचं कारण नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वागत कमिटीत होते. दारात उभं राहायचं, हसायचं, गीतपुस्तक हातात द्यायचं, नवीन चेहरा दिसला की नाव विचारायचं, कार्ड भरून घ्यायचं. मला वाटायचं मी या कामात एकदम पटाईत आहे. तेव्हा एक गृहस्थ यायला लागले, एकटेच, चाळिशीतले, मागून तिसऱ्या बाकावर बसायचे. सलग सात रविवार आले. मग बंद झाले. ते बंद झालेत हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले, आणि तेही कसं, तर कुठल्याशा रांगेत ते माझ्या पुढेच उभे दिसले तेव्हा. मी आपली नेहमीसारखी तोंडभर हसले, म्हटलं अहो किती दिवसांत दिसला नाहीत! ते पण छान बोलले, अजिबात कडवट नाही, आणि सहज म्हणाले, ताई, तुमच्या चर्चचे लोक खूप चांगले आहेत हो, सात रविवारांत मला पाच जणांनी नाव विचारलं. मी म्हटलं हो का, वा. तर म्हणाले, त्यातल्या दोघांनी दोन-दोनदा विचारलं. आणि थोडं थांबून, म्हणजे माझी रांग पुढे सरकेपर्यंत थांबून, म्हणाले, पण नावाच्या पुढचं कुणी काही विचारलं नाही.

दोनदा विचारणाऱ्या त्या दोघांत एक मी होते हे सांगायची गरज नसावी.

तेव्हापासून माझ्या डोक्यात याचं नाव 'दुसरा प्रश्न' असं पडलंय. पहिला प्रश्न, नाव काय, कुठून आलात, तो कमिटी विचारते, कार्ड विचारतं. दुसरा प्रश्न, म्हणजे मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात की मुलीची परीक्षा आहे, कशी गेली, हा कुठलंच कार्ड विचारू शकत नाही. त्याला आधीचं उत्तर लक्षात ठेवलेलं माणूस लागतं. आणि गंमत म्हणजे मेथडिस्ट लोकांनी हा प्रश्न सोडवून ठेवलेला होता, अठराव्या शतकात, आणि तो सोडवला गेला तो चक्क उधारी फेडायच्या भानगडीतून.

झालं असं. ज्याच्यापासून मेथडिस्ट सुरू झाले त्या जॉन वेस्लीने १७३९ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला न्यू रूम नावाची इमारत बांधायला घेतली. मेथडिस्टांची ती पहिली इमारत, आजही उभी आहे. बांधली खरी पण डोक्यावर कर्ज. फेब्रुवारी १७४२ मध्ये मंडळी बसली विचार करायला की हे फेडायचं कसं. तिथे कॅप्टन फॉय नावाचा एक माणूस उठला आणि म्हणाला, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, अहो पण आपल्यातल्या कितीतरी जणांची तेवढीही ऐपत नाही. त्यावर हा काय म्हणाला बघा, मग सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, ते देऊ शकले तर ठीक, नाही देऊ शकले तर त्यांच्या वाटचं मी भरीन, आणि तुम्ही पण प्रत्येकाने आपल्या शेजारच्या अकरा जणांकडे असंच जा. बाकीचे पण तयार झाले. आणि मग ही माणसं दर आठवड्याला पेनी गोळा करायला घरोघर जायला लागली. दारात गेलं की घर दिसतंच. कोण आजारी आहे, कोणाचं नवरा-बायकोचं भांडण चाललंय, कोण पुन्हा प्यायला लागलाय. त्यांनी ते येऊन वेस्लीला सांगितलं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला की अरे, आपल्याला हेच तर हवं होतं! पैशाचं राहिलं बाजूला, प्रत्येक माणसाकडे आठवड्यातून एकदा जाणारं कोणीतरी हवं. हीच क्लास मीटिंग. बारा-एक लोकांचा गट, त्याला एक क्लास लीडर, त्यात बायकाही लीडर असायच्या. सुरुवातीला लीडर एकेकाच्या घरी जायचा, पुढे वेळ फार जातो म्हणून सगळ्यांना एकत्र बोलावायला लागले, आणि विचारायचं काय तर तुझा आत्मा कसा आहे. तब्येत कशी आहे हे आपण विचारतोच, आत्मा कसा आहे हे आज कुणाला विचारलं तर समोरचा घड्याळाकडे बघेल, पण मला वाटतं साध्या शब्दात विचारलं तर लोक सांगतात. मनात काय चाललंय सध्या, एवढंच.

कॅप्टन फॉयबद्दल मला सगळ्यात काय आवडतं सांगू? त्याने सगळ्यात गरीब अकरा मागितले. आमच्यात नवीन लोक वाटून घ्यायचे म्हटलं की आधी कोणाला मागणी असते ते मी बघितलंय, गाणाऱ्याला, गिटार वाजवणाऱ्याला, आणि अकाउंट्स कळणाऱ्याला तर पळवूनच नेतात. एकदा एका बिचाऱ्या नवीन मेंबरला सहा महिन्यांच्या आत खजिनदार केलं होतं. तो अजून आहे चर्चमध्ये, पण कमिटीच्या मीटिंगचं नाव काढलं की त्याला काहीतरी महत्त्वाचं काम आठवतं.

बरं, कोणी म्हणेल हे काम पास्टरांचं आहे. नाहीये, आणि मेथडिस्टांमध्ये तर मुळीच नाही. आपले पास्टर आपल्याकडे कायमचे नसतातच. नेमणूक होते, काही वर्षं राहतात, मग बदली. पूर्वी तर एकेका प्रचारकाकडे सर्किट म्हणजे गावंच्या गावं असायची, घोड्यावर फिरत फिरत एका ठिकाणी परत यायला आठवडे लागायचे. मधल्या दिवसांत नवीन आलेल्या माणसाला कोण सांभाळणार? तोच तिथला क्लास लीडर, जो शिंपी असेल, खाणकामगार असेल, सात मुलांची आई असेल. म्हणजे आपली अख्खी रचनाच अशी की स्वागत हे साध्या मेंबरांचं काम. आपण कधीतरी मधेच ते पास्टरांच्या गळ्यात मारलं आणि वर म्हणायला मोकळे, नवीन पास्टर फार मिसळत नाहीत हो.

जुन्या पद्धतीचं सगळंच गोड होतं असं समजू नका. तिकीट असायचं! खरंच, मेंबरला दर तीन महिन्यांनी छोटंसं तिकीट मिळायचं, त्यावर बायबलचं वचन आणि मेंबरचं नाव, आणि वागणं धड नसेल तर पुढच्या वेळचं तिकीट मिळायचं नाही, झालं, बाहेर. प्रेमभोजनाला, म्हणजे भाकर आणि पाणी एकमेकांना देऊन साक्षी सांगायची जी सभा असायची, मोरेव्हियन नावाच्या दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाकडून वेस्लीने घेतलेली, तिला तिकिटाशिवाय प्रवेश नाही. अमेरिकेतल्या जुन्या नियमांत तर पाहुण्याला दोन-तीन वेळांपेक्षा जास्त आत घ्यायचं नाही असं होतं, पुढे यायचं तर मेंबर हो. आणि मेंबर व्हायला तिकडे सहा महिने उमेदवारी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाप रे म्हटलं, हे कसलं स्वागत. पण दुसरी बाजू बघा. १७४३ साली वेस्लीने सोसायटीचे, म्हणजे त्याच्या मेथडिस्ट मंडळ्यांचे, नियम छापले त्यात आत यायची अट एकच होती, येणाऱ्या न्यायापासून सुटायची आणि पापातून तारण मिळायची इच्छा. फक्त इच्छा. मतं विचारली नाहीत, कुठल्या चर्चचा ते विचारलं नाही, वाचता येतं का विचारलं नाही. आत आल्यावर मात्र त्या इच्छेचं काहीतरी दिसायला हवं, कुणाचं वाईट करू नकोस, होईल तेवढं चांगलं कर, आणि प्रार्थना, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी), वचन यांना धरून राहा. दार हे एवढं मोठं आणि आत आल्यावर प्रत्येकाकडे लक्ष. आमच्याकडे आता दारातच सगळी धामधूम, हार काय, टाळ्या काय, फोटो काय, आणि आत आल्यावर तू तुझा.

उभं करायच्या पद्धतीवर पण मला बोलायचंय. 'आज कोणी पहिल्यांदा आलं असेल तर कृपया उभं राहून आपली ओळख करून द्या.' मला माहितीये हे प्रेमाने करतात. पण जो माणूस मोठ्या मुश्किलीने मागच्या दाराने येऊन खांबाआड बसलाय त्याला दीडशे माना वळून बघतायत हे कसं वाटत असेल? वेस्लीचीच गोष्ट घ्या. २४ मे १७३८ ची संध्याकाळ, लंडनमध्ये ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर एका छोट्या सभेला तो गेला, आणि डायरीत त्याने स्वतः लिहिलंय की अगदी नाइलाजाने गेलो. तिथे कोणीतरी बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रावरची, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना वाचत होतं आणि ते ऐकता ऐकता पावणेनऊच्या सुमारास त्याच्या काळजात ती प्रसिद्ध ऊब आली जिची आपण आजपर्यंत आठवण काढतो. आता कल्पना करा, साडेआठला कोणी म्हणालं असतं, आज आपल्यात एक नवीन बंधू आलेत, त्यांनी उभं राहून दोन शब्द बोलावे. गेला असता हो तो निघून! तो मुळात नाइलाजाने आलेला. त्याला कोणी काही केलं नाही, बसू दिलं, हेच त्या सभेने त्याचं केलेलं स्वागत.

आमच्या आधीच्या पास्टरांनी मेंबरशिप क्लासमध्ये कृपेबद्दल शिकवलं होतं, तेव्हा एका आजींनी विचारलं की पास्टर, ही पूर्वगामी कृपा म्हणजे काय, एवढा मोठा शब्द माझ्या डोक्यात बसत नाही. पास्टर म्हणाले, आजी, तुम्ही देवाला शोधायला निघायच्या आधीच तो तुमच्याकडे यायला निघालेला असतो, ती. मला तो शब्द तेव्हा समजला आणि माझ्या दारातल्या कामाबद्दल पण समजलं. समोरून येणाऱ्या माणसाला मी देवाकडे आणत नाहीये, देव त्याच्याशी आधीच काहीतरी बोलतोय, मी मधे फार बडबड केली नाही तरी पुष्कळ. बाप रे काय हलकं वाटलं होतं! त्याआधी मी प्रत्येक नवीन माणसाला असं धरायचे की जणू सुटला तर माझी नोकरी जाईल.

वेस्लीला मी खूप मानते पण तो काही पहिल्यापासून असा नव्हता हे पण सांगायला हवं, नाहीतर आपण त्याची नुसती तसबीर करून ठेवू. अमेरिकेत जॉर्जियात, सव्हानाला तो पाळक म्हणून गेला होता तेव्हा सोफी हॉपकी नावाच्या मुलीत त्याचा जीव गुंतला होता. त्याचं काही ठरेना, तिने १७३७ मध्ये दुसऱ्याशी लग्न केलं. काही महिन्यांनी याने तिला प्रभुभोजन द्यायचं नाकारलं. कारण नियमाचं दिलं, तिने आधी कळवलं नव्हतं वगैरे, आणि नियम पुस्तकात होताही. पण गावाला काय कळायचं ते कळलं. तिच्या नवऱ्याने कोर्टकचेरी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात वेस्ली तिथून निघून गेला. ऑल्डर्सगेटला नाइलाजाने जाऊन बसला तो हाच, हरलेला, स्वतःवरच वैतागलेला माणूस. पुढे प्रभुभोजनाकडे बघायची त्याची नजर बरीच बदलली, जो अजून शोधतोय त्यालाही ते टेबल देवाकडे आणू शकतं असं तो म्हणायला लागला, आणि आज बहुतेक मेथडिस्ट चर्चमध्ये प्रभुभोजनाला बोलावताना तू आमचा मेंबर आहेस का असं विचारत नाहीत. याच्यामागे सव्हाना होतं का हे मी सांगू शकत नाही, पण मला ती मुलगी नेहमी आठवते. नियम आपल्या हातात असतो तेव्हा आपला दुखावलेला अहंकार त्या नियमाच्या आड किती आरामात लपतो ना.

आणि याहून वाईट पण झालंय. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये, अठराव्या शतकाच्या शेवटी, काळ्या लोकांची संख्या वाढायला लागली तेव्हा त्यांना वेगळीकडे बसायला सांगितलं. एका रविवारी त्यांचे पुढारी ॲबसलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन आणि त्यांच्याबरोबरचे लोक गुडघे टेकून प्रार्थना करत होते आणि चर्चच्या ट्रस्टींपैकी एकाने जोन्सना प्रार्थनेतून ओढून उठवायचा प्रयत्न केला. इथे नाही, तिकडे. ते म्हणाले प्रार्थना संपेपर्यंत थांबा. नाही थांबले. प्रार्थना संपल्यावर ते सगळे उठून एकत्र बाहेर पडले, आणि ॲलन यांनी पुढे जे उभं केलं ते आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च, १८१६ पासून स्वतंत्र, आज जगभर पसरलेलं. हे सगळं कशावरून सुरू झालं, तर कोणी कुठे बसायचं यावरून.

बाकाचा हा आजार जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात कितीतरी चॅपलमध्ये बाकं भाड्याने द्यायचे, चांगली जागा पैसेवाल्याला. अमेरिकेत १८६० मध्ये फ्री मेथडिस्ट चर्च वेगळं झालं त्यांच्या नावातलं 'फ्री' हे गुलामगिरीच्या विरोधाइतकंच फुकट बाकांसाठी पण होतं. आता भाडं कोणी घेत नाही. पण मी माझ्या कानांनी ऐकलंय, नवीन आलेल्या बाईला अगदी गोड आवाजात, अहो इथे आमच्या अमक्या काकू बसतात. त्या काकू त्या दिवशी आल्याच नव्हत्या! बाक रिकामंच राहिलं आणि ती बाई लेकराला घेऊन मागे उभी.

नवीन वर्षाच्या सुमारास बऱ्याच मेथडिस्ट चर्चमध्ये कराराची उपासना असते ना, वेस्लीने १७५५ साली लंडनमध्ये स्पिटलफील्ड्सला सुरू केली, तिथे पहिल्याच वेळी अठराशेच्या आसपास लोक होते असं त्याने लिहिलंय. त्या प्रार्थनेत आपण म्हणतो की मी आता माझा नाही, तुझा आहे, तुला हवं त्या कामाला मला लाव, तुला हवं त्याच्या पंगतीला मला बसव. हवं त्याच्या पंगतीला! वर्षातून एकदा एवढं मोठं म्हणायचं आणि दुसऱ्या रविवारी आपल्या बाकावर दुसरं कोणी बसलं की तोंड एवढंसं करायचं.

कन्फर्मेशन झालेल्या पोरांचं वेगळंच दुःख आहे. ती तर आमच्यातच वाढलेली, संडे स्कूलमध्ये मेंढरं होऊन नाचलेली, त्यांना कसलं स्वागत असं सगळ्यांना वाटतं. म्हणून होतं काय, कन्फर्मेशन झालं, फोटो झाले, आणि तेच त्यांचं शेवटचं नियमित येणं. शाळा सुटल्यासारखं. माझ्या भाचीने मला विचारलं होतं, मावशी, आता मी मेंबर झाले म्हणजे आता मी काय करू शकते जे आधी करू शकत नव्हते? मी म्हटलं कमिटीवर येऊ शकतेस, मत देऊ शकतेस. तिचा चेहरा बघायला हवा होता. खरं उत्तर मला आता सुचतं, की आता तू कुणाचं तरी स्वागत करू शकतेस, आतापर्यंत ते मोठ्यांचं काम होतं. पण खरी उत्तरं नेहमी जिना उतरल्यावर सुचतात.

दुसऱ्या चर्चमधून दुखावून आलेले लोक असतात त्यांच्याबद्दल दोनच शब्द. ते दाराजवळ बसतात, लवकर निघतात, चहाला थांबत नाहीत. त्यांना तिकडे काय झालं ते विचारू नये. कधीतरी सांगतात, नाही सांगितलं तरी आपलं काही अडत नाही. आणि त्यांच्यासमोर आपलं चर्च किती चांगलं याची जाहिरात तर अजिबात करू नये, ती त्यांनी आधीच्या ठिकाणी पण ऐकलेली असते.

पैशाचं पण सांगून टाकते कारण मनात आहे. मेंबरशिप क्लासच्या पहिल्या दिवशी दानाची पाकिटं हातात देऊ नका. वर्षाची पाकिटं, नंबर घातलेली. दान हा वचनाचा भाग आहे, मान्य, मीच वर सांगितलं. आणि क्लास मीटिंगची सुरुवातच पेनी गोळा करण्यातून झाली हे पण मान्य. पण तिथे जो गोळा करायला जात होता त्याने आधी सांगितलं होतं की नसेल तर तुझ्या वाटचं मी भरीन. हे वाक्य आधी म्हणायची आपली तयारी असेल तर द्या खुशाल पाकीट.

तर आता आम्ही काय केलंय. फार काही नाही. स्वागत कमिटी आहे तशीच आहे, पण प्रत्येक नव्या मेंबरमागे एकच माणूस ठरवलाय, कमिटी नाही, माणूस. कमिटीला विसरता येतं, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने फोन केला असेल. एका माणसाला विसरणं जरा जड जातं. वर्षभर. आठवड्यातून एकदा बोलायचं, दोन मिनिटं का होईना, एखादा रविवार चुकला तर त्याच आठवड्यात विचारायचं, तेही पोलिसासारखं नाही. छोटंसं काम द्यायचं, खुर्च्या लावणं, गीतपुस्तकं गोळा करणं, कारण हात कामात असले की माणसाला पाहुणा वाटत नाही आणि शेजारच्याशी बोलायला विषय मिळतो. पण पद नाही, पहिलं वर्ष तर नाहीच. यावर मीटिंगमध्ये बरीच वादावादी झाली कारण दोन पदं रिकामी आहेत आणि नव्या चौघांतली एक जण बँकेत आहे. मी अडून बसले. दोघंजण माझ्याशी अजून नीट बोलत नाहीयेत.

एक म्हणाले, एवढं मागे लागलं तर लोक पळतील. मुद्दा बरोबर आहे. काही जणांना खरंच एकटं बसायचं असतं, वर्षानुवर्षं, आणि त्यात काही वाईट नाही. पण एकटं बसू देणं वेगळं आणि एकटा बसलाय हे माहीतच नसणं वेगळं. त्यांना मी त्या सात रविवारवाल्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. ते नंतर परत आले का, असं त्यांनी विचारलं. नाही आले. मी रांगेतच म्हटलं होतं की या ना पुन्हा, ते हो म्हणाले, फोन नंबर घ्यायचं मला सुचलं नाही, आणि कार्डावर होता तो नंबर शोधून फोन करायला मला लाज वाटली. लाज वाटून मी तो केलाच नाही. म्हणजे एकदा विसरणं ही चूक, पण दुसऱ्यांदाची मी जाणूनबुजून केली, हे मी मीटिंगमध्ये नाही सांगितलं, इथे सांगते.

माझ्या वाट्याला चौघांतला एक तरुण मुलगा आलाय. नाइट ड्युटी करतो, महिन्यातले दोन रविवार येऊच शकत नाही. त्याने मला पहिल्याच दिवशी विचारलं, मावशी, हजेरीचं वचन तर दिलं मी, पण मी येऊ शकलो नाही तर नाव कापतात का? म्हटलं नाही रे बाबा, असं पटकन कुणाचं नाव काढता येत नाही, आधी शोधावं लागतं, विचारावं लागतं, तसे नियम आहेत. तो हसला, म्हणाला मग ठीक आहे. मी त्याच्यासमोरच पर्समधून चष्मा काढला, हो, मागच्या कप्प्यातच होता, आणि उपासनेचा तो कागद काढून मंडळीचं वचन त्याला एकटीने वाचून दाखवलं. तो जरा ओशाळला, मी पण. आजूबाजूला खुर्च्या उचलत होते लोक, आवाज चालला होता, पण वाचलं सगळं.

बुधवारी फोन करायचा ठरलाय, त्याची ड्युटी सुटायच्या वेळेला. त्या दिवशी जाता जाता तो म्हणाला होता की आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे या आठवड्यात. मी म्हटलं हो का, प्रार्थना करीन. कुठल्या डोळ्याचं, कोण असणार आहे तिच्याजवळ, काहीच विचारलं नाही मी.